‘प्राइड’ : एकजूट दिसते, पक्ष दिसत नाही

ब्रिटनमधील खाणकामगारांचा १९८४-८५ चा संप वर्षभर चालला आणि हरला. कामगार चळवळीचा कणा मोडण्याचा चंग मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने बांधला होता व तो बऱ्याच अंशी तडीसही नेला. या पराभवाच्या पोटातून हसतखेळत सांगण्याजोगी कथा निघेल, असे कोणाला वाटले नसते. मॅथ्यू वॉर्कस यांनी दिग्दर्शित केलेला ‘प्राइड’ (२०१४) हा चित्रपट अशी कथा सांगतो, आणि ती खरी आहे.

लंडनमधील काही समलिंगी तरुण-तरुणी रस्त्यावर बादल्या घेऊन संपनिधी गोळा करतात. हा पैसा स्वीकारायला कामगार संघटनेची कार्यालये कचरतात. तेव्हा ही मंडळी थेट दक्षिण वेल्समधील ड्युले खोऱ्यातल्या एका खेड्यात फोन लावतात. आभार मानण्यासाठी लंडनला आलेले डाय डोनोव्हन यांना मंडळाच्या नावातले पहिले अक्षर लंडनचे वाटलेले असते! विनोद असा माणसांच्या अज्ञानातून येतो. त्यांच्या कुचेष्टेतून येत नाही. क्लिफ आपले आयुष्यभराचे गुपित सँडविचना लोणी लावता लावता हेफिनाला सांगतो. तिला ते केव्हाच ठाऊक असते आणि दोघांचे हात चालूच राहतात. बिल नाय व इमेल्डा स्टॉन्टन यांचे हे दृश्य शंभर भाषणांच्या मोलाचे आहे.

आम्हाला सर्वाधिक महत्त्वाचा वाटला तो पोलिस ठाण्याचा प्रसंग. पोलिसांच्या जाचाचा अनुभव असलेला जोनाथन गावकऱ्यांना कायदा समजावून सांगतो आणि शॉन जेम्स ही गृहिणी ठाण्यात जाऊन तो ऐकवते. (ही शॉन पुढे २००५ मध्ये पार्लमेंटवर निवडून गेली.) इथे मदत ही दया राहत नाही, एका पीडिताचे ज्ञान दुसऱ्याच्या हाती शस्त्र म्हणून येते.

असे असूनही चित्रपटाने एक गोष्ट झाकली आहे. या मंडळाचा प्राण असलेला मार्क ॲश्टन कम्युनिस्ट होता आणि पुढे यंग कम्युनिस्ट लीगचा सरचिटणीस झाला. एखाददुसरी पुसट खूण सोडली तर पडद्यावर तो केवळ दिलदार, बंडखोर तरुण उरतो. जणू खाणकामगारांकडे वळण्याची बुद्धी त्याला अचानक झाली! (अमेरिकेतील डीव्हीडीच्या वेष्टनावरून तर ‘समलिंगी’ हा शब्दही गाळला गेला. बाजारपेठ बदलली की गाळायचा शब्द बदलतो.) विरोधाचा सारा भार मॉरीन या एका कडवट बाईवर टाकणे हाही सोपा मार्ग झाला. तिच्या कारवायांमुळे गावाने मदत नाकारल्याचे दाखवले आहे. ड्युलेच्या कामगारांनी प्रत्यक्षात हे नाते तोडले नव्हते. संघटनेच्या मालमत्तेवर कोर्टाने आणलेली टाच आणि इतर संघटनांनी राखलेले अंतर, म्हणजे ज्यामुळे संप हरला ते सारे, जवळजवळ पडद्याबाहेरच राहते. मनपरिवर्तनाची कथा सांगताना सत्तेची कथा निसटली आहे.

शेवटी १९८५ च्या लंडनमधील मोर्चात खाणकामगार आपला झेंडा घेऊन अग्रभागी चालतात, ते पाहताना डोळे पाणावतात. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या परिषदेत समलिंगींच्या हक्कांचा ठराव खाणकामगार संघटनेच्या एकगठ्ठा मतांच्या बळावर संमत झाला. पूर्वी हाच ठराव फेटाळला गेला होता. कितीतरी बैठका, वादविवाद आणि मतमोजणी यांतून आलेल्या या विजयाच्या वाट्याला चित्रपटात अखेरच्या दोन ओळींची पाटी आली आहे.