गळबंदी नको, गळाचा नियम हवा

दिवाळी सरली की पारनेर तालुक्यातील पाझर तलावांचे पाणी निवळू लागते. पावसाळ्यात ओढ्यांनी वाहून आणलेली माती तळाशी बसते, काठचा चिखल वाळून बसण्याजोगा होतो आणि रब्बीची पेरणी आटोपलेली असल्याने माणसांच्या हातालाही थोडी उसंत मिळते. अशा दिवसांत तीन-चार मित्र वेळूच्या काठ्या, नायलॉनची दोरी, गळांची पुडी आणि ओल्या मातीत राखलेल्या गांडुळांचा डबा घेऊन तलावाकडे निघालेले दिसतात. पहाटेच्या थंडीत मासा अन्नाला फारसे तोंड लावत नाही. ऊन चढून काठचे उथळ पाणी कोमट झाले म्हणजे दोरी हलू लागते. त्यामुळे या मंडळींचा निम्मा दिवस भाकरी-ठेचा खाण्यात आणि गप्पांत जातो आणि संध्याकाळी हाती लागतात त्या चार-दोन चिलापी, नशीब बलवत्तर असेल तर एखादी मरळ.

गावाच्या लेखी हा उद्योग प्रतिष्ठेचा नाही. भाषेनेही गळाला न्याय दिलेला नाही. 'गळाला लागणे' म्हणजे फसणे आणि 'गळ टाकणे' म्हणजे फसवू पाहणे, एवढेच अर्थ तिने राखले. हातात काठी घेऊन पाण्याकडे पाहत बसणारा माणूस रिकामटेकडा, आणि असे चौघे एकत्र बसले तर त्यांच्यापाशी बाटलीही असणार, असा समज सार्वत्रिक आहे. तो सर्वस्वी निराधारही नाही. धरणांच्या आणि तलावांच्या काठी सुटीच्या दुसऱ्या दिवशी पडलेल्या फुटक्या बाटल्या पाहिल्या म्हणजे मासे हे पुष्कळदा निमित्तच असते, याची खात्री पटते. अशा स्थितीत एखाद्या ग्रामपंचायतीने तलावाकाठी मनाईची पाटी लावून मोकळे व्हावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु समजण्यासारखी गोष्ट योग्य असतेच असे नाही, आणि या प्रश्नाचा विचार करण्यास राळेगणसिद्धीसारखे दुसरे उचित स्थळ नाही.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचा अहमदनगर) जिल्ह्यातील हे गाव पर्जन्यछायेत आहे. १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन अण्णा हजारे गावी परतले, तेव्हा तेथे पाण्यापेक्षा दारूच्या भट्ट्यांचा सुकाळ होता. यादवबाबांच्या देवळाचे लाकूडसुद्धा भट्ट्यांत जळाल्याची हकिकत सांगितली जाते. सरकारने बांधलेला पाझर तलाव होता, पण तो गळका होता आणि त्यात पाणी ठरत नव्हते. गावाने श्रमदानाने तो दुरुस्त केला, खालच्या विहिरींना पाणी आले, आणि पुढचा इतिहास देशाला ठाऊक आहे. त्या इतिहासाबरोबर 'बंदी' हा शब्दही ठाऊक झाला. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि त्यांच्या जोडीला श्रमदान, अशी ती पंचसूत्री. (दारुड्यांना खांबाला बांधून शिक्षा देण्याच्या तेथील जुन्या प्रकारावर टीका झाली आणि ती रास्त होती, पण तो स्वतंत्र विषय आहे.) या सूत्रांत गळ नाही. तो त्यांत घालण्याचा मोह मात्र पाणी अडवणाऱ्या कोणत्याही गावाला होऊ शकतो, कारण बंदीने एकदा काम झाले की प्रत्येक कामासाठी बंदीच आठवते.

कुऱ्हाड आणि गळ यांत मूलतः फरक आहे. कुऱ्हाडीने तोडलेले झाड पुन्हा उभे राहण्यास वर्षे लागतात. पाझर तलावातले पाणी मात्र मुळातच राहण्यासाठी नसते. ते जमिनीत मुरावे आणि खालच्या विहिरींत उतरावे, हाच त्या तलावाचा धर्म. चांगला पाझर तलाव माघ-फाल्गुनापासून आटू लागतो आणि उन्हाळ्यात पुष्कळदा कोरडा पडतो. म्हणजे कार्तिक ते माघ एवढाच काय तो माशांचा आणि मासे धरणाऱ्यांचा काळ. त्यानंतर उरलेल्या डबक्यात कोंडलेला मासा एक तर कापडाने उपसला जातो, नाही तर घारी-बगळ्यांच्या स्वाधीन होतो. मरळीसारखा वरची हवा घेऊ शकणारा मासा ओल्या चिखलात काही काळ तग धरतो. बाकीच्यांना ती सोय नाही. अशा पाण्यात हिवाळ्यात गळाने धरलेल्या चार माशांमुळे निसर्गाचा तोल ढळतो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल.

खरे नुकसान होते ते पावसाळ्यात. पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध निघालेले चढणीचे मासे ओढ्याओढ्यांत अडवून टोपल्यांनी धरले जातात. कोकणात त्याला वलगण म्हणतात आणि त्याचे कौतुकही होते. वस्तुतः पोटात अंडी असलेली एक मादी मारली म्हणजे पुढच्या वर्षीचे किती मासे गेले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. मरळीची जोडी आपल्या पिलांच्या थव्यावर पहारा ठेवते आणि त्या वेळी समोर येईल त्यावर तुटून पडते. आषाढ-श्रावणात तिला गळाने धरणे म्हणूनच फार सोपे आणि तितकेच निंद्य आहे. त्याहून भयंकर म्हणजे सुरुंगाची दारू आणि विषारी पावडर. या दोहोंना मनाई करणारा कायदा या देशात १८९७ पासून आहे. सव्वाशे वर्षांनंतरही डोहात स्फोट करून मासे मारल्याच्या बातम्या येतात. कायदा नाही असे नाही. पाण्यावर नजर नाही.

हिवाळी गळाची परंपरा जिथे सुप्रतिष्ठित आहे, त्या इंग्लंडचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. तिकडे सामन आणि ट्राऊट हे साहेबी मासे. बाकीचे कार्प, पर्च, पाईक वगैरे सारे जाडेभरडे मानले गेले आणि त्यांच्या मासेमारीला तसेच नाव पडले. साहेबी माशांची वीण हिवाळ्यात, म्हणून त्या काळात त्यांना धरायचे नाही. खाण कामगार, गिरणी कामगार, कारकून यांनी मग थंडीत भरड माशांसाठी नदीकाठ गाठावा, असा रिवाज पडला. भरड मासे वसंतात अंडी घालतात, म्हणून १५ मार्च ते १५ जून या काळात तिकडच्या नद्यांवर त्यांनाही अभय असते. काठी बाळगण्यास सरकारी परवाना लागतो आणि त्याचा पैसा पाण्याच्या देखभालीस जातो. धरलेला मासा पुष्कळदा वजन करून परत सोडला जातो. म्हणजे ज्याला तिथे विरंगुळा म्हणतात, तो पूर्णपणे नियमांनी बांधलेला आहे. गंमत अशी की, इंग्रज अधिकारी हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी महसीर या माशाला सामनच्या पंक्तीला बसवले. परंतु महसीरही कार्पच्याच कुळातला, म्हणजे त्यांच्याच व्याख्येने भरड! आपल्याकडचे रोहू, कटला, मृगळही त्याच कुळातले. ज्वारी-बाजरीसारख्या भरड धान्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या मुलखाला भरड माशांचा कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रालाही गळाची ही शिस्त परकी नाही. मुंबईत पवई तलावाच्या काठी गळाने मासे धरणाऱ्यांची संघटना कित्येक दशके काम करीत आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० नंतर महसीरची पिले वाढवून देशभर पाठविली. आणि त्याही आधीपासून रायगड जिल्ह्यातील वाळणकोंड व पालघर जिल्ह्यातील तिळसे येथील डोहांत देवाचे म्हणून मासे राखलेले आहेत. डोह राखायचा आणि डोहाखाली धरायचे, हे दोन्ही व्यवहार या भूमीत शेजारी-शेजारी नांदले. राळेगणसारख्या वारकरी वळणाच्या गावांत माळकऱ्यांच्या घरी मासा शिजणार नाही, हे उघड आहे. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आणि खंडोबाच्या षड्रात्रात तर इतर घरांतूनही तो वर्ज्य असतो. मासेमारीला जाणारे मित्रही हे वार पाळतात आणि पाळावेत. पण एकाचा नेम हा दुसऱ्यावरचा कायदा होऊ नये, एवढे तारतम्य गावाला असते.

आता सर्वांत अवघड आक्षेप. तो हिंसेचाही नाही आणि दारूचाही नाही, तो मालकीचा आहे. तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असते. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट भरणाऱ्या भोई आणि कोळी समाजातील कुटुंबांना त्यामुळे आधार मिळतो. संस्था पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे बोटुकले विकत आणून सोडते. हे मासे मूळचे गंगेच्या खोऱ्याकडचे. तलावाच्या साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरके टोचून त्यांचे प्रजनन साधले, तेव्हापासून बीज केंद्रांतून ते मिळू लागले. तात्पर्य, पाझर तलावात फिरणारा प्रत्येक कटला हा कोणाच्या तरी पैशाने तिथे आलेला असतो. तो विक्रीयोग्य होतो तेही नेमके हिवाळ्याच्या अखेरीस, पाणी आटण्यापूर्वी. अशा वेळी काठावरच्या हौशी माणसाने तो गळाने काढून न्यावा, याला विरंगुळा म्हणता येणार नाही. ती चोरीच आहे आणि ती गरिबाघरची चोरी आहे.

मग गळवाल्याने धरावे काय? उत्तर तलावातच पोहत आहे. चिलापी हा आफ्रिकेतला मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे साचलेल्या पाण्यातही वर्षातून अनेकदा तिची वीण होते. तिच्या गर्दीत संस्थेच्या बोटुकल्यांचे खाद्य संपते आणि स्थानिक मासे मागे पडतात. उजनीच्या जलाशयात चिलापीने बस्तान कसे बसवले, हे तिथल्या मच्छीमारांना विचारावे. तीच चिलापी गळाला सहज लागते आणि तिला कोणी बीज विकत आणून सोडलेले नसते. गळवाल्याने चिलापी न्यावी, शिंगटा न्यावा, मोजकी मरळ न्यावी. कटला-रोहू लागला तर ओल्या हाताने सोडवून पुन्हा पाण्यात घालावा. गळाचा उलटा काटा कानशीने घासून टाकला की सोडवताना माशाला इजाही कमी होते. संस्थेला थोडे शुल्क द्यावे. संस्थेचे त्यात नुकसान नाही, उलट फुकटचे राखणदार मिळतात.

राखणदार हा शब्द सहज आलेला नाही. राळेगणचा पाझर तलाव गळत होता. तो बांधणाऱ्या यंत्रणेच्या कागदावर बहुधा पूर्णच असेल. पाणी अडवले म्हणजे काम संपले, असे मानून ज्या गावांनी तलावाकडे पाठ फिरवली, तिथे सांडवा फुटला, भिंतीवर बाभळी वाढल्या, तळ गाळाने भरला आणि रात्री कोणी तरी पंप लावून पाणी उपसले. हिवाळ्यात दिवसचे दिवस पाण्याकडे डोळे लावून बसणारी माणसे हे सर्व आधी पाहतात. पाणी कोणत्या अंगाला झपाट्याने उतरते, फेस कुठे येतो, सकाळी मेलेले मासे कुठे तरंगतात, हे त्यांना तलाठ्याच्या आणि अभियंत्याच्या आधी कळते. पाटी लावून ही माणसे हाकलली तर तलाव निर्धोक होत नाही. तो फक्त निर्मनुष्य होतो, आणि सुरुंगवाल्याला नेमके तेच हवे असते.

बाटलीचा प्रश्न उरतो, आणि त्यावर सवलत नको. काठावर दारू सापडली तर त्या टोळक्याचा परवाना त्या मोसमापुरता गेला, इतका सरळ नियम असावा. ज्या तालुक्यात एका गावाने भट्ट्या विझवून दाखवल्या, तिथे हे अशक्य मानण्याचे कारण नाही. दारूचा दुसरा धोका बुडण्याचा. पाझर तलावाच्या बुडाशी गाळ असतो आणि काठापासून दोन पावलांवर तो किती खोल आहे, हे वरून दिसत नाही. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरणे हे मासेमारीतले सर्वांत घातक काम आहे. तुटलेली नायलॉनची दोरी काठावर टाकून येणे ही तशीच वाईट सवय. बगळ्याच्या पायात ती एकदा गुंतली की सुटत नाही. एका माणसाला एकच काठी, जाळे मुळीच नाही, कार्तिकी पौर्णिमा ते होळी एवढाच मोसम, आणि तलावाच्या सर्वांत खोल भागातले शेवटचे डबके स्थानिक माशांच्या वाणासाठी कोणीही न उपसता राखलेले. संस्थेचाही हात तिथे थांबावा. एवढे ठरविण्यास मंत्रालयाची वाट पाहण्याची गरज नाही. २६ जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरते. त्या दिवसांत तलावात पाणी असते, मासेमार संस्थेचा हिशेब जवळ आलेला असतो आणि गळवाले काठावरच असतात. त्यांनाही सभेला बोलवावे.