गंगाजळी: साठा आणि मुदत

काशीहून आणलेला गंगेचा गडू जुन्या मराठी घरांत देवघरात ठेवलेला असे. तोंड झाळून बंद केलेला, वर्षानुवर्षे कुणी हात न लावलेला. तो फोडायचा तो घरातल्या कुणाच्या शेवटच्या घटकेला, तोंडात दोन थेंब घालण्यासाठी. परकीय चलनाच्या साठ्याला मराठीने ‘गंगाजळी’ हा शब्द वापरला, तो किती नेमका आहे हे १९९१ च्या उन्हाळ्यात देशाला कळले.

सुरुवात आदल्या वर्षी झाली. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवले आणि खनिज तेलाचे भाव भडकले. तिथे कामाला असलेल्या दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. केरळपासून रत्नागिरी-रायगडच्या गावांपर्यंत, ज्या घरांत आखातातून दर महिन्याला ड्राफ्ट यायचा तिथे पैशाऐवजी माणूसच परत आला, रिकाम्या हाताने. ऑगस्टअखेर ३ अब्ज डॉलरच्या वर असलेली गंगाजळी जानेवारी १९९१ च्या मध्यात १ अब्जाच्याही खाली गेली. नाणेनिधीकडून कर्ज मिळाले, तेही काही महिन्यांत संपले.

तेल महागले म्हणून एवढा मोठा देश दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर येत नाही. खरा घोर कर्जांच्या मुदतीचा होता. ऐंशीच्या दशकात अल्पमुदतीची उधारी वाढत गेली होती. मार्च १९९१ मध्ये ती, साठ्यात सोने धरूनही, एकूण गंगाजळीच्या जवळजवळ दीडपट होती. यातली काही कर्जे तर रोजच्या रोज नव्याने उचलावी लागत. कालपर्यंत बिनबोभाट नूतनीकरण करणाऱ्या परदेशी बँका पतमानांकन घसरताच ‘आता पैसे परत द्या’ म्हणू लागल्या. अनिवासी भारतीयांनीही ठेवी काढायला सुरुवात केली. एप्रिल ते जून या तीन महिन्यांत सुमारे ९५ कोटी डॉलर असे निघून गेले. व्याजाच्या ओढीने आलेला पैसा भीतीच्या पहिल्या झुळकीला परत फिरतो, आणि त्याला जायला एक दिवसही पुरतो.

मग आयातदारांवर २०० टक्क्यांपर्यंत रोख अनामत लादली गेली. कारखान्यांचा कच्चा माल अडला. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला गेले. २१ जूनला पी. व्ही. नरसिंह राव पंतप्रधान झाले. रामटेकने त्यांना दोनदा लोकसभेत पाठवले होते, आणि या वेळी ते निवडणूक न लढवता निवृत्तीच्या तयारीत होते. अर्थमंत्री झाले मनमोहन सिंग. १ जुलैला रुपयाचे पहिले अवमूल्यन झाले. ३ जुलैला दुसरे व्हायचे होते. त्या सकाळी पंतप्रधानांनी ते थांबवायला सांगितले. अर्थमंत्र्यांचा फोन मुंबईत रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्याकडे पोचला, तेव्हा दर जाहीर होऊन गेला होता.

दुसऱ्याच दिवसापासून मुंबईच्या तळघरातले सोने हलू लागले. ४ ते १८ जुलै, चार खेपा, ४६.९१ टन. सोने घेऊन विमानतळाकडे निघालेली एक गाडी वाटेतच बंद पडली आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले, असे पुढे सांगितले गेले. पावसाळी मुंबईच्या रस्त्यावर एका देशाची पत गाडीत बसून वाट पाहत होती. या सोन्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून मिळाले ४० कोटी ५० लाख डॉलर. ते कर्ज वर्ष संपायच्या आत फिटले.

थायलंडची गोष्ट आणखी बोलकी आहे. १९९७ च्या उन्हाळ्यात तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या जाहीर आकड्यात ३० अब्जांहून अधिक डॉलर दिसत होते. पण बाहतचा भाव टिकवण्याच्या हट्टापायी यातले २३ अब्जांच्या आसपास डॉलर वायदे करारांत आधीच गुंतवून टाकले होते. आकडा कागदावर होता, डॉलर दुसऱ्याचे झाले होते. २ जुलैला बाहत मोकळा सोडावा लागला आणि काही महिन्यांत वणवा दक्षिण कोरियात पोचला. तिथे १९९८ च्या जानेवारीपासून सुमारे ३५ लाख माणसांनी रांगा लावून घरातले सोने देशाला दिले: लग्नाच्या अंगठ्या, बाळांच्या पहिल्या वाढदिवसाची वळी. सव्वादोनशे टनांहून अधिक सोने जमले. धनत्रयोदशीला सराफाच्या पेढीवर उभे राहणाऱ्या मराठी माणसाला त्या रांगेतल्या बाईच्या मनाची कल्पना सहज यावी.

अर्जेंटिनाचे पाब्लो गुइडोत्ती यांनी १९९९ मध्ये यातून साधा निकष मांडला: पुढच्या वर्षभरात जेवढे परदेशी कर्ज फेडायचे आहे, निदान तेवढी गंगाजळी हाताशी हवी. श्रीलंकेने तो धाब्यावर बसवला. १८ जानेवारी २०२२ रोजी तिने ५० कोटी डॉलरचे रोखे फेडले आणि १२ एप्रिलला परदेशी कर्जफेडच थांबवली.

सोन्याचा तोळा लाखापलीकडे गेलेल्या २०२५ च्या दिवाळीत भारताकडे ७०० अब्ज डॉलरच्या आसपास गंगाजळी होती. वर्षभरात फेडायचे कर्ज तिच्या निम्म्याहून कमी होते. परदेशात ठेवलेल्या सोन्यापैकी १०० टन २०२३-२४ मध्ये मायदेशी आले. हे पुण्याईने नव्हे, १९९१ नंतर अल्पमुदतीच्या कर्जावर कटाक्षाने ठेवलेल्या लगामामुळे झाले. तरीही सप्टेंबर २०२४ च्या उच्चांकानंतर चार महिन्यांत हा साठा सुमारे ८० अब्जांनी उतरला होता, आणि फेब्रुवारी २०२५ अखेर पुढे द्यायचे कबूल केलेले निव्वळ डॉलर ८८ अब्जांवर गेले होते. एवढ्या साठ्याला ते पेलले; पण हा आकडा किती वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर छापला?

रिझर्व्ह बँक दर शुक्रवारी गंगाजळीचा आकडा जाहीर करते आणि शनिवारी तो ठळक छापून येतो. वायद्यांचा आकडा महिन्याला, परदेशी कर्जाचा तिमाहीला प्रसिद्ध होतो. संपादकांनी हे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापावेत, आणि छापले नाहीत तर वाचकांनी पत्र लिहून मागावेत.