लोकशाहीच्या नावाने मागितलेला पैसा

आपल्यासमोर कोणी उभे राहावे हे जो पक्ष पैसे मोजून ठरवतो, त्याचा मतदारांवरचा विश्वास उडालेला असतो. अमेरिकेचा डेमोक्रॅटिक पक्ष काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुका जिंकण्यासाठी हेच करत आला आहे. मी त्या पक्षाचा वैरी नाही. 2020 ची निवडणूक चोरली गेली हा ट्रम्प यांचा दावा खोटा होता आणि 6 जानेवारी 2021 रोजी कॅपिटॉलवर जमाव चालून गेला तो लोकशाहीवरचाच हल्ला होता, असे मी ठामपणे मानतो. तसे मानतो म्हणूनच माझा राग अनावर होतो. ज्यांच्यापासून लोकशाही वाचवायची अशी हाक देऊन हा पक्ष लोकांकडून पैसा मागतो, त्याच लोकांच्या प्रसिद्धीवर तो पैसा उधळतो.

पीटर मायर यांचे प्रकरण घ्या. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स भागातून ते रिपब्लिकन पक्षाच्या तिकिटावर प्रतिनिधीगृहात पहिल्यांदाच निवडून आले होते. शपथ घेऊन काही दिवस होतात तोच कॅपिटॉलवर हल्ला झाला, आणि 13 जानेवारी 2021 रोजी ट्रम्प यांच्यावर महाभियोग चालवावा की नाही यावर मतदान झाले. ठराव 232 विरुद्ध 197 मतांनी मंजूर झाला. ट्रम्प यांच्याच पक्षातल्या दहा जणांनी त्याला पाठिंबा दिला, आणि त्या दहांत पहिल्यांदा निवडून आलेले मायर एकटेच होते. राजकारणात आयुष्य काढलेल्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसलेली असताना एका नवख्या माणसाने आपली खुर्ची पणाला लावली. डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते ज्याला धैर्य म्हणतात ते हेच. रिपब्लिकन पक्षात असे लोक हवेत, असे तेच रोज सांगत होते.

पुढच्याच वर्षी त्यांनी या धैर्याची काय किंमत केली ते पाहा. 2022 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या अंतर्गत निवडणुकीत, ट्रम्प यांनी मायर यांच्याविरुद्ध जॉन गिब्ज यांना पाठिंबा दिला. गिब्ज हे ट्रम्प यांच्या कारकिर्दीत गृहनिर्माण खात्यात काम केलेले आणि 2020 च्या निकालावर उघड शंका घेणारे गृहस्थ. मतदानाला थोडे दिवस उरले असताना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधीगृहासाठीच्या प्रचार समितीने चार लाखांहून अधिक डॉलर खर्चून टीव्हीवर एक जाहिरात चालवली. गिब्ज यांना ट्रम्प यांनीच निवडले आहे, ते पश्चिम मिशिगनच्या मानाने फारच कट्टर आहेत, स्थलांतरितांबाबत ते कठोर आहेत, असे ती जाहिरात सांगत होती.

वरवर पाहता ही टीका वाटते. पण ती कोणाच्या कानावर घालायची होती? प्रायमरीत मत देणाऱ्या रिपब्लिकन मतदारांच्या. त्यांच्यासाठी यातला प्रत्येक शब्द शिफारसपत्र होता. विरोधकांनी शिव्या दिल्या म्हणजे आपला माणूस खरा, हे कोणत्याही देशातल्या कार्यकर्त्याचे गणित असते, आणि जाहिरात लिहिणाऱ्यांना ते पक्के ठाऊक होते. 2 ऑगस्टला निकाल लागला. मायर चार टक्क्यांहूनही कमी फरकाने हरले. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या हिलरी शोल्टन यांनी गिब्ज यांना आरामात हरवले. पक्षाच्या रणनीतीकारांनी हिशेब जुळला म्हणून समाधान मानले. मला त्या हिशेबाची किळस येते.

प्रायमरी किती नाजूक असते हे मराठी वाचकाला त्याच दिवसाच्या, त्याच राज्यातल्या दुसऱ्या निकालावरून समजेल. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार यांनी डेट्रॉइटच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक प्रायमरी त्याच 2 ऑगस्टला जिंकली. रिंगणात अनेक उमेदवार होते आणि ठाणेदारांना तीस टक्क्यांहूनही कमी मते मिळाली. तरी ती पुरली, कारण तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला आहे आणि तिथे प्रायमरी जिंकणे म्हणजेच निवडून येणे. अमेरिकेतल्या बहुसंख्य मतदारसंघांची आज हीच स्थिती आहे. थोडे लोक मत देतात, फरक थोडा असतो, आणि देशाचा कायदा कोण करणार हे तिथेच ठरून जाते. अशा ठिकाणी बाहेरून ओतलेला पैसा निकाल फिरवू शकतो. म्हणूनच तिथे कोण पैसा ओततो आणि कशासाठी, याचा जाब विचारलाच पाहिजे.

मायर यांचे प्रकरण अपवाद असते तर मी हा लेख लिहिला नसता. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर उभे राहून देशाला इशारा दिला, की ट्रम्प यांच्या मागे जाणारे कट्टर रिपब्लिकन हे प्रजासत्ताकाच्या मुळावर आले आहेत. त्याच दिवसांत न्यू हॅम्पशायरमध्ये सिनेटच्या जागेसाठी रिपब्लिकन प्रायमरी रंगात आली होती. एका बाजूला राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष चक मोर्स हे मवाळ रिपब्लिकन होते, दुसऱ्या बाजूला निवृत्त लष्करी अधिकारी डॉन बोल्डक. बोल्डक यांनी 2020 ची निवडणूक चोरीची असल्याचा दावा करणाऱ्या पत्रावर सही केली होती. सिनेट जिंकण्यासाठी काम करणाऱ्या डेमोक्रॅटिक गटाने मोर्स यांच्या बदनामीवर 30 लाखांहून अधिक डॉलर खर्च केले. 13 सप्टेंबरला बोल्डक जिंकले, नोव्हेंबरमध्ये हरले. ज्यांच्यापासून देशाला धोका आहे असे पक्षाचा सर्वोच्च नेता सांगत होता, त्यांतल्याच एकाचा रस्ता त्याच पक्षाचे लोक झाडून देत होते. भाषण खरे मानावे, की खर्च? दोन्ही एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत.

ही खोड जुनी आहे. 2012 साली मिसुरीच्या सिनेटर क्लेअर मॅकस्किल यांची जागा धोक्यात होती. त्यांनी सुमारे 17 लाख डॉलर खर्चून रिपब्लिकन प्रायमरीतले टॉड एकिन हे 'फारच कट्टर' असल्याच्या जाहिराती केल्या. एकिन उमेदवार झाले, पुढे बलात्काराविषयी एक निर्लज्ज विधान करून स्वतःच गाळात गेले, आणि मॅकस्किल मोठ्या फरकाने जिंकल्या. 2015 मध्ये त्यांनी हा सगळा डाव आत्मचरित्रात जाहीरपणे सांगितला. पक्षाने त्याला चातुर्याचा धडा मानले. 2018 साली त्याच जागेवर जॉश हॉली यांनी मॅकस्किल यांचा पराभव केला. 2020 च्या निकालावर आक्षेप घेणार असे जाहीर करणारे सिनेटमधले पहिले सदस्य हेच हॉली. डावाने एक निवडणूक मिळाली, पण मिसुरी हातातून गेले. मतदाराचे मन वळवायचे काम झालेच नव्हते, मग ते टिकणार कसे?

त्याच 2015 सालच्या एप्रिलमध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचार यंत्रणेने पक्षाच्या राष्ट्रीय समितीसाठी एक टिपण तयार केले. रिपब्लिकन पक्षातल्या टोकाच्या इच्छुकांना मोठे करा, पत्रकारांना त्यांची गंभीर दखल घ्यायला लावा, म्हणजे तो पक्ष बदनाम होईल, असा त्याचा मथितार्थ. त्यात नावे तीन होती: टेड क्रूझ, बेन कार्सन आणि डोनाल्ड ट्रम्प. ऑक्टोबर 2016 मध्ये ते टिपण विकिलीक्समधून बाहेर आले. पुढच्याच महिन्यात ट्रम्प निवडून आले. त्या टिपणामुळे ट्रम्प जिंकले असे मी म्हणत नाही. त्यांना जिंकवणारी कारणे कितीतरी मोठी होती. पण समोरचा माणूस जितका भयंकर तितका आपला विजय सोपा, हे या पक्षाचे गृहीतक त्या रात्री पुरते उघडे पडले. ज्या पक्षाने तो पराभव सोसला, त्याने सहा वर्षांत पुन्हा तोच जुगार मांडावा, याला क्षमा नाही.

या रणनीतीचे समर्थक एकच मुद्दा पुढे करतात: चालले ना! 2022 मध्ये अशा मदतीने प्रायमरी जिंकलेले सगळे उमेदवार नोव्हेंबरमध्ये हरले, हे खरे आहे. मग 2024 चे ओहायो पाहा. शेरॉड ब्राउन हे तिथले तेव्हाचे डेमोक्रॅटिक सिनेटर. 2006 पासून तीनदा निवडून आलेले, कामगारांच्या बाजूने सातत्याने बोलणारे, पक्षाला मोठ्या शहरांबाहेर चेहरा देणाऱ्या मोजक्या नेत्यांपैकी एक. रिपब्लिकन प्रायमरीत मवाळ मॅट डोलन आणि ट्रम्प यांनी पाठिंबा दिलेले बर्नी मोरेनो यांच्यात चुरस होती. मोरेनो यांना हरवणे सोपे जाईल असे मानून डेमोक्रॅटिक पैशावर चालणाऱ्या एका गटाने 20 लाखांहून अधिक डॉलर खर्चून जाहिराती केल्या: मोरेनो ओहायोसाठी फारच कट्टर आहेत. मार्चमध्ये मोरेनो उमेदवार झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी ब्राउन यांना हरवले. सिनेट रिपब्लिकन पक्षाच्या हाती गेले, 53 विरुद्ध 47.

ओहायो अनेक वर्षे उजवीकडे सरकत होते आणि ट्रम्प यांच्या शब्दावर मोरेनो तसेही उमेदवार झाले असते, असे सांगितले जाते. असेल. मग आपले पैसे तिथे का ओतले? मतदार त्यांनाच निवडणार होते, तर तो खर्च देणगीदारांची फसवणूक ठरतो. खर्चाने फरक पडला असेल, तर आज सिनेटमध्ये बसलेला माणूस तिथवर पोचवण्यात तुमचा हात आहे. दोन्ही बाजूंनी दोष तुमचाच.

या पद्धतीची खरी किंमत पराभवाच्या आकड्यांतून कळत नाही. महाभियोगाला होकार देणाऱ्या दहा रिपब्लिकनांपैकी चौघांनी पुन्हा उभे राहणेच टाळले, चौघे प्रायमरीत हरले, फक्त दोघे टिकले. टिकलेल्यांपैकी कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हलाडेओ यांच्या प्रायमरीतही डेमोक्रॅटिक गटाने त्यांच्या ट्रम्पवादी प्रतिस्पर्ध्याला हात दिला होता. ते वाचले ते या मदतीला न जुमानता. त्या दहा जणांचा घात मुख्यतः त्यांच्याच पक्षाने केला, याबद्दल शंका नाही. पण उद्या रिपब्लिकन पक्षातला एखादा खासदार ट्रम्प यांच्याविरुद्ध उभे राहावे का, असा विचार करत असेल, तर त्याला दिसते ते असे: माझा पक्ष मला संपवेल, आणि ज्यांच्या बाजूने मी मत देणार तेही त्याला पैसे पुरवतील. लोकशाहीला दोन्ही पक्षांत राखणदार लागतात. दुसऱ्या पक्षातले राखणदार टिपून काढणे हे लोकशाहीचे रक्षण नव्हे. हे त्या वेळी तीसहून अधिक माजी डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधींनी जाहीर पत्र लिहून सांगितले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

आणि हा उद्योग चालू असताना घरात काय घडत होते? मायर यांच्याविरुद्ध जाहिरात देणाऱ्या समितीचे तेव्हाचे अध्यक्ष होते शॉन पॅट्रिक मलोनी. न्यूयॉर्क राज्यात मतदारसंघांची फेररचना झाली तेव्हा त्यांनी आपल्याच पक्षाच्या एका तरुण खासदाराचा भाग सोयीचा म्हणून घेतला, आणि नोव्हेंबरमध्ये तिथे माइक लॉलर या रिपब्लिकन उमेदवाराकडून हरले. न्यूयॉर्कमध्ये पक्षाने त्या वर्षी चार जागा रिपब्लिकनांकडे गमावल्या. प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांना 222 जागा मिळाल्या, बहुमत 218 चे. म्हणजे दुसऱ्याच्या प्रायमरीत लक्ष घालणाऱ्या नेतृत्वाला स्वतःच्या अंगणातले मतदार सांभाळता आले नाहीत, आणि सभागृह गेले ते अगदी थोडक्या जागांनी.

जिंकायचा दुसरा मार्ग आहे, आणि याच पक्षाने तो चालून दाखवला आहे. 2005 मध्ये हॉवर्ड डीन राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पन्नासही राज्यांत पगारी कार्यकर्ते नेमायला सुरुवात केली, जिथे पक्ष वर्षानुवर्षे हरत होता तिथेही. पक्षातल्या धुरिणांनी त्यांना वेड्यात काढले. 2006 मध्ये बारा वर्षांनी प्रतिनिधीगृह डेमोक्रॅटांकडे आले. सगळे श्रेय डीन यांचे नाही. इराक युद्धाविषयीचा संतापही त्यामागे होता. पण संताप मतपेटीत उतरायला गावोगावी माणसे लागतात, आणि ती त्यांनी उभी केली. पुढे तेच काम पक्षाने मोडीत काढले.

2022 मध्येच वॉशिंग्टन राज्याच्या तिसऱ्या मतदारसंघात मरी ग्लुसेनकँप पेरेझ उभ्या राहिल्या. त्या आणि त्यांचा नवरा तेव्हा मोटार दुरुस्तीचे गॅरेज चालवत होते. पक्षाच्या राष्ट्रीय नेतृत्वाने ती जागा जिंकता येईल असे मानलेच नव्हते. निवडणुकीचे भाकीत करणाऱ्यांनीही त्यांना जवळजवळ शून्य संधी दिली होती. त्या ट्रम्प समर्थक जो केंट यांना एक टक्क्याहून कमी फरकाने हरवून निवडून आल्या, आणि 2024 मध्ये ट्रम्प देशभर जिंकत असतानाही पुन्हा आल्या. त्यांची सगळी मते मला पटतात असे नाही. पण त्या अशा मतदारांकडे गेल्या, ज्यांच्याकडे जाणे त्यांच्या पक्षाने सोडून दिले आहे.

अमेरिकेतली अनेक मराठी कुटुंबे या पक्षाला नेमाने देणग्या देतात. मुलाबाळांचे भविष्य आणि मतदानाचा हक्क सुरक्षित राहावा, परक्यांबद्दलचा द्वेष थांबावा ही त्यांची कळकळ खरी आहे. त्यांनी आणि प्रत्येक देणगीदाराने या पक्षाच्या समित्यांना पैसे देण्याआधी एक लेखी हमी मागावी: विरोधी पक्षाच्या प्रायमरीत आमचा एकही डॉलर जाणार नाही, थेट नाही आणि कोणत्याही गटाच्या आडून नाही. ही हमी न देणाऱ्या समितीला एक छदामही देऊ नये. पैसा थेट उमेदवाराला द्यावा, गावागावांत दारोदार फिरणाऱ्या संघटनेला द्यावा. पक्षाच्या नेत्यांना भाषणातला धोका खरा वाटत असेल, तर त्या धोक्याला मदत करणे त्यांनी आज थांबवावे. ते थांबवत नसतील, तर लोकशाहीच्या नावाने मते आणि पैसा मागण्याचा त्यांना हक्क नाही, आणि तो त्यांना कोणी देऊही नये.