पाटी देणगीदाराची, घामाचा हिशेब कुणाकडे?

रत्नागिरी जिल्ह्यात महाविद्यालयाचे नाव सांगायचे म्हणजे दोन-तीन आडनावे एका दमात घ्यावी लागतात. रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर, चिपळूणला दातार-बेहेरे-जोशी, देवरुखला आठल्ये-सप्रे-पित्रे, दापोलीला वराडकर-बेलोसे. शिक्षणसंस्थेला मोठी देणगी द्यावी आणि संस्थेने दात्याच्या घराण्याचे नाव दारावर लावावे, हा इथला जुना रिवाज आहे. देणाऱ्याचे आभार मानावेत, याला आमची ना नाही. याच महाविद्यालयांतून आमचीही मुले पदवीधर झाली. परंतु पाटीवर ज्याचे नाव नाही, त्याने काहीच दिले नाही काय, हा आमचा प्रश्न आहे.

ही चाल मुंबई विद्यापीठाच्या जन्मापासूनची आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी पैसा दिला आणि मनोऱ्याला त्यांच्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव मिळाले. दीक्षांत सभागृह सर कावसजी जहांगीर यांच्या नावाने ओळखले जाते. शेठजींची भरभराट कापसाच्या तेजीतली होती. तो कापूस ज्या हातांनी वेचला, त्या हातांची नावे विद्यापीठाच्या कोणत्या भिंतीवर आहेत?

कोकणातही तेच झाले. येथे खोत होता आणि कूळ होते. पिकवायचे कुळाने आणि मिरवायचे खोताने. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांनी कौन्सिल हॉलवर मोर्चा नेला. त्या मोर्चात चालणारी माणसे आणि त्यांची आजची पोरे-नातवंडे कर भरतात, फी भरतात. प्राध्यापकांचे पगार आणि विद्यापीठाचे अनुदान सरकारी तिजोरीतून येते, आणि ती तिजोरी याच माणसांनी भरलेली असते. म्हणून आम्ही म्हणतो, विद्यापीठाचा सर्वांत मोठा देणगीदार ही कष्टकरी जनता आहे.

आता अलीकडचे निर्णय पाहू. मुंबई विद्यापीठाच्या रत्नागिरी उपपरिसराला चरित्रकार पद्मभूषण डॉ. धनंजय कीर यांचे नाव देण्यात आले. कीर रत्नागिरीचे. मुंबई महापालिकेत नोकरी करीत त्यांनी बाबासाहेबांचे इंग्रजी चरित्र लिहिले आणि ते १९५४ साली, बाबासाहेबांच्या हयातीतच प्रसिद्ध झाले. त्यांनी सावरकरांचेही चरित्र लिहिले, हे आम्हांला ठाऊक आहे. तरीही या नावाचे आम्ही स्वागत करतो, कारण हे नाव थैलीच्या जोरावर आलेले नाही, लेखणीच्या जोरावर आलेले आहे.

दुसरे उदाहरण कलिन्याचे. जुलै २०२२ मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी वसतिगृहाच्या उद्घाटनप्रसंगी तत्कालीन राज्यपाल आणि कुलपती भगतसिंह कोश्यारी यांनी सावरकरांचे नाव सुचविले. विद्यार्थी संघटनांनी राजर्षी शाहू महाराजांचे नाव मागितले. ज्या राजाने कोल्हापुरात जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, त्याचे नाव वसतिगृहाला मागावे लागते! कुलपतींनी व्यासपीठावरून नाव सुचवायचे आणि विद्यार्थ्यांनी निवेदने घेऊन धावायचे, ही कुठली रीत?

देणग्या स्वीकारण्याचा अधिकार व्यवस्थापन परिषदेचा, आणि जमाखर्च तपासण्याची जागा अधिसभा. या सभेत आपली माणसे असावीत म्हणून बाबासाहेब १९२७ सालीच मुंबई कायदेमंडळात भांडले. मागासवर्गीयांच्या दारापर्यंत उच्च शिक्षण नेणे हे विद्यापीठाचे काम आहे आणि ते होण्यासाठी सिनेटवर मागासवर्गीयांचा प्रतिनिधी हवा, असे त्यांनी बजावले. आज २०१६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांच्या १० जागांपैकी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव आहे. पण ही निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये ऐनवेळी स्थगित झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि मतदानाला सप्टेंबर २०२४ उजाडले. मधल्या काळात पदवीधरांच्या वतीने विद्यापीठाला जाब कोण विचारणार होता?

बाबासाहेबांनी स्वतः संस्था काढल्या तेव्हा काय केले, तेही पाहा. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत महाविद्यालय काढले, त्याला नाव दिले सिद्धार्थ. औरंगाबादच्या महाविद्यालयाला नाव दिले मिलिंद, भिक्खू नागसेनाला निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या राजाचे. कुणा धनिकाचे नाव नाही, स्वतःचेही नाही. पैशांची गरज त्यांना नव्हती काय? १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात त्यांनी धम्मकार्यासाठी प्रत्येकाकडे उत्पन्नाचा विसावा भाग मागितला. विसावा भाग देणारा मजूर पाटी मागत नाही. त्याला आपले पोर शिकलेले हवे असते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक देणगीची रक्कम आणि तिच्या अटी विद्यापीठाने जाहीर कराव्यात. देणगी देणाऱ्याचा सत्कार खुशाल करावा, पण नेमणुका, प्रवेश आणि अभ्यासक्रमात त्याला शब्द नसावा. नामकरणाचा ठराव अधिसभेत चर्चा होऊनच मंजूर व्हावा. आणि देणगीदाराची पाटी लागेल, तिच्या शेजारी दुसराही फलक लागावा. राखीव पदे किती भरली, किती रिकामी, शिष्यवृत्ती किती विद्यार्थ्यांच्या हातात पडली, वसतिगृहात किती जागा आहेत, हे त्यावर लिहावे.

रत्नागिरीतल्या कार्यकर्त्यांनी वाट पाहू नये. २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. व्यवस्थापन परिषदेचे इतिवृत्त मागा, देणग्यांच्या अटी मागा, बिंदुनामावली मागा. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे बाबासाहेबांचे मूळ गाव याच जिल्ह्यात आहे. या मातीतल्या मुलाला विद्यापीठात उपरा वाटता कामा नये. तो तिथे कुणाच्या उपकारावर जात नाही, बापजाद्यांनी घामाने भरलेल्या पैशावर जातो. त्याचा हिशेब मागणे हा त्याचा हक्क आहे.

जय भीम!