मासिक कोणाचे, नांगर कोणाचा

आज 24 डिसेंबर, राष्ट्रीय ग्राहक दिन. 1986 साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. तहसील कचेरीत एखादे व्याख्यान, वजनमापांचे प्रदर्शन, भेसळ कशी ओळखावी याची प्रात्यक्षिके, असा या दिवसाचा ठरलेला साज असतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. तुरीच्या डाळीत लाख मिसळली जाते तोवर ती प्रात्यक्षिके व्हायलाच हवीत. पण घरातल्या तरुण मुलाने किंवा नुकत्याच निवृत्त झालेल्या काकांनी या हिवाळ्यात काय विकत घेतले, तेही एकदा पाहा. बामणोलीहून लाँचने वासोट्याला जायचे म्हणून बूट. धावायला लागले म्हणून मनगटावरचे घड्याळ. पक्षी पाहायचे म्हणून दुर्बीण, शिकायचीच राहून गेली म्हणून सतार. सगळ्या हौसेच्या वस्तू. आणि त्या घेताना त्यांनी दुकानदाराला विचारलेले नसते. मोबाइलमध्ये खोके उघडून दाखवणाऱ्या कोणाला तरी विचारलेले असते.

हौसेच्या वस्तूची एक अडचण आहे. तांदूळ आपण जन्मभर घेतो, त्यामुळे कोलम कोणता आणि इंद्रायणी कोणता हे नाकाला कळते. दुर्बीण माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो. पहिल्या वेळी पारख नसते, आणि पारख येते तेव्हा पैसे जाऊन चुकलेले असतात. म्हणून जाणत्याचा शब्द लागतो. तो शब्द विकत घ्यायला कंपन्या तयार असतात, कारण नवशिक्या हौशी माणसाइतके भाबडे गिऱ्हाईक दुसरे नाही.

यावर लगेच निघणारा सूर म्हणजे ‘पूर्वी असे नव्हते’. तो आम्हाला पटत नाही. पूर्वीही होते, आणि ते आपल्याच मुलखात अगदी उजळ माथ्याने होते. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी तेव्हा औंध संस्थानात होती. बेळगावहून उठावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि 1910 साली तिथे कारखाना उभा राहिला. लोखंडी नांगर, चरक, कडबा कापण्याची यंत्रे असा माल. लोखंडाचा फाळ लागला की जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. म्हणजे माल होता, भरवसा नव्हता. तो मिळवण्याच्या खटपटीत 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या पैशाने, कारखान्याच्या आवारातून, कारखान्याच्या नावाने. आजच्या भाषेत सांगायचे तर हे शंभर टक्के प्रायोजित प्रकाशन.

आणि हेच पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन मराठी घरांत इतके शिरले की त्याच्या मागे कारखाना आहे, हे सांगावे लागू लागले. 1930 साली त्याच वाडीतून ‘स्त्री’ निघाले, 1934 साली ‘मनोहर’. विधवांचे प्रश्न, जातिभेद, बुवाबाजी, सगळ्यावर त्यात लिहून येत होते. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये छापून येत आणि सनातनी वाचक संतापत. शंकरराव स्वतः चित्रकार. ‘टाकांच्या फेकी’ या त्यांच्या चित्रसदरातून रूढींना ते चिमटे काढत. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. नांगर ज्यांना विकायचे, त्यातल्या पुष्कळांच्या समजुतींवरच हे मासिक घाव घालत होते. गिऱ्हाईक दुखावण्याची जोखीम मालकाने पत्करली होती, आणि तीही पदरचे पैसे घालून. वाचकाचा विश्वास बसला तो या जोखमीवर. मासिक स्वतंत्र असल्याचा दावा तर कोणी केलाच नव्हता, मुखपृष्ठावर कारखानदाराचे आडनाव होते.

मात्र याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा गौरवलेख होईल. किर्लोस्करांचा नांगर दुसऱ्या कोणाच्या नांगरापेक्षा बरा की वाईट, याचा निवाडा ‘किर्लोस्कर’ मासिकाकडे कोणी मागितला नसता, मागू नयेही. वाचक कथेवर विश्वास ठेवत होता, समाजसुधारणेच्या लेखावर वाद घालत होता आणि यंत्राच्या जाहिरातीला जाहिरात म्हणून वाचत होता. मुखपृष्ठावरच्या आडनावाचा उपयोग एवढाच: कुठे किती वजा करायचे, ते वाचकाला कळत होते. आमचे म्हणणे याच वजाबाकीबद्दल आहे. पैसे घेऊन मत देणे हा काही गुन्हा नव्हे. पैसे घेतल्याचे लपवले की ऐकणाऱ्याच्या हातून वजाबाकीची पाटी काढून घेतली जाते, आणि फसवणूक तिथे होते.

जनावरांच्या बाजारात हे न शिकवता कळते. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. खिलार खोंडांची पारख करत हौशी शर्यतवाले दावणीदावणीने फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या मे महिन्यात शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून तर या हौसेला उधाण आले आहे. दलाल उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरवतो आणि ‘खोंड वाऱ्यासारखा आहे’ असे शपथेवर सांगतो. त्याच्या शपथेला कोणी भुलत नाही आणि तिचा रागही कोणाला येत नाही, कारण तो दलाल आहे हे साऱ्या बाजाराला ठाऊक असते. त्याचे ऐकून घेऊन माणूस खोंडाचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. हाच दलाल ‘मी तुमच्यासारखाच एक हौशी शेतकरी, सहज म्हणून सांगतो’ असे म्हणत पुढे आला असता तर?

मोबाइलमधला जाणता नेमके हेच म्हणतो. बूट फुकट आलेले असतात, घड्याळ ‘वापरून बघा’ म्हणून आलेले असते, खाली दिलेल्या दुव्यावरून तुम्ही खरेदी केलीत तर त्याला अडत मिळणार असते. आणि बोलताना सूर असा, की जणू स्वतःच्या पगारातून घेतले. हे रोखायला नियम नाहीत असे नाही. जाहिरात मानके परिषदेने 2021 मध्ये समाजमाध्यमांवरच्या शिफारसकर्त्यांसाठी सूचना काढल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वे 9 जून 2022 ची. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस 19000 हे मानक आणले. विकत घेतलेला अभिप्राय छापू नये, असे ते सांगते, मात्र ते पाळणे ऐच्छिक आहे. 20 जानेवारी 2023 रोजी ग्राहक व्यवहार विभागाने आणखी खुलासा केला. नुसते पैसेच नव्हे. फुकट आलेली वस्तू, न मागता आलेली भेट, सवलत, सहल, हॉटेलातला मुक्काम, एवढेच काय घरचे नातेसुद्धा जाहीर केले पाहिजे. व्हिडिओ असेल तर ते तोंडाने सांगायचे आणि पडद्यावरही दाखवायचे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत, आणि शिफारस करणाऱ्यावर एक ते तीन वर्षांची बंदीही घालता येते.

कागदावर हे चोख आहे. पण त्या खुलाशात एक साधी अट आहे, तिच्याकडे मराठी मुलखात कोणी पाहिलेले दिसत नाही: ज्या भाषेत शिफारस, त्याच भाषेत कबुली. आपल्याकडचे चित्र काय? वीस मिनिटे अस्सल साताऱ्याच्या बोलीत ‘आरं काय पकड हाय या बुटाची’ चाललेले असते आणि कबुली वर्णनाच्या तळाशी, दहा खुणांच्या गर्दीत, इंग्रजी आद्याक्षरांत. बोली विश्वास कमावण्यासाठी वापरायची आणि पैशाचे बोलायची वेळ आली की परकी लिपी गाठायची, ही चलाखी आहे. ‘हे बूट मला कंपनीने फुकट दिले’ म्हणायला मराठीत पाच-सहा शब्द पुरतात.

समजा, सगळ्यांनी प्रामाणिकपणे कबुली दिली. तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो मिरजेत जाऊन पाहावा. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातून फरीदसाहेब वाद्यांकडे वळले. पटवर्धनांच्या संस्थानाचा आश्रय मिळाला, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भोपळ्यांपासून तंबोरे आणि सतारी घडवणारी एक गल्लीच उभी राहिली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता गावोगावचे हौशी विद्यार्थी व्हिडिओ पाहून वाद्य मागवतात. पण तंबोऱ्याचा जीव असतो घोडीवरच्या जवारीत. घोडीचा पृष्ठभाग कानसेने केसभर इकडेतिकडे झाला की स्वर बसतो नाहीतर फुटतो. मोबाइलचा ध्वनिग्राहक त्यातले किती टिपणार? शिवाय जवारी काही एकदा लावून कायमची राहत नाही. तारांनी घोडी घासली जाते, काही महिन्यांनी आवाज बोथट होतो, मग वाद्य पुन्हा कारागिराकडे न्यावे लागते. म्हणजे सतार चांगली की वाईट हे खोके उघडल्याच्या दिवशी कळतच नाही. पहिल्या आठवड्यातला अभिप्राय, देणारा कितीही सज्जन असला तरी, वाद्याविषयी फारसे काही सांगत नाही. तो लाकडावरच्या पॉलिशविषयी सांगतो.

‘मग गुरुजींना विचारावे’ हे उत्तर येईल. जरूर विचारावे. पण ज्या दुकानाचे नाव गुरुजी सांगतात तिथून त्यांना काही मिळत असेल, तर तेही मोबाइलमधल्या मुलाच्याच रांगेत उभे राहतात. शिष्याने हे विचारणे आपल्याकडे उद्धटपणात जमा होते. म्हणून ते गुरुजींनीच आपणहून सांगितले पाहिजे. ‘हा माझ्या ओळखीचा, तो मला माझ्या वाद्याचे काम सवलतीत करून देतो’ असे म्हटल्याने कोणत्या घराण्याची शान जाणार आहे?

डोंगरभटक्यांचे उदाहरण आम्हाला अधिक उमेद देणारे वाटते. सह्याद्रीच्या कातळावर वर्षानुवर्षे अॅक्शन कंपनीच्या स्वस्त ट्रेकिंग बुटांचा बोलबाला होता. ओल्या दगडावर तळवा घसरत नाही, एवढीच त्यांची ख्याती, आणि ती पसरली एकमेकांच्या पायांकडे बघून. त्या बुटांचा दोषही त्याच तोंडांनी सांगितला जाई. जाणता खरा की खोटा हे ताडायला आम्ही हीच एक कसोटी सुचवू: या माणसाने कधी, फुकट आलेल्या एखाद्या वस्तूला वाईट म्हटले आहे का? वर्षभराच्या शंभर शिफारशींत एकही नापास नसेल, तर तो परीक्षक नव्हे, भाट. साताऱ्यात 2012 पासून होणाऱ्या हिल हाफ मॅरेथॉनलाही प्रायोजक असतातच, पण त्यांची नावे कमानीवर आणि छातीवर असतात. यवतेश्वरचा घाट मात्र प्रायोजकाला ओळखत नाही. तिथे बूट चावला की चावला.

वर्तमानपत्रांनी या विषयावर बोलताना आवाज जरा बेतानेच ठेवावा, हेही खरे. 2009 च्या निवडणुकांत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचे प्रकरण महाराष्ट्रातच गाजले आणि 2010 मध्ये प्रेस कौन्सिलला त्यावर अहवाल करावा लागला. आजही बांधकाम, शिकवण्या, दवाखाने यांच्या पुरवण्यांत ‘जाहिरात’ हा शब्द भिंगाने शोधावा लागतो. मोबाइलमधल्या विशीतल्या पोरांनी ही विद्या कोणाकडून उचलली, हे विचारायला गेलो तर बोट आपल्याकडेही येईल. म्हणून नियम एकच असावा, त्यांना आणि आम्हालाही: शब्द मोठा, मराठीत, आणि सुरुवातीला.

राहिला दाद मागण्याचा प्रश्न. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. 2019 च्या कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, दिल्लीला जावे लागत नाही. मराठी व्हिडिओ, कबुली इंग्रजीत आणि तळाशी, एवढे दोन ओळींत लिहून सोबत पडद्याचे छायाचित्र जोडले की तक्रार तयार होते. साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या कचेरीत अशी पहिली तक्रार कोण नेऊन देतो, हे आम्ही पुढच्या 24 डिसेंबरपर्यंत पाहणार आहोत.