क्लास लावला म्हणून गुण वाढले?

जानेवारीच्या जेईई मेनचा निकाल लागला आणि पुतण्याचा चेहरा उतरला. एप्रिलमध्ये पुन्हा संधी असते, दोन्हींतला चांगला निकाल धरतात. पण घरात सुतकच. दुसऱ्या दिवशी वहिनी एक रंगीत पत्रक घेऊन आल्या. उजळणी वर्ग! गेल्या वर्षीच्या दहा जणांच्या खास तुकडीत आठ जणांचे गुण वाढले म्हणे. "भाऊजी, जन्मभर संख्याशास्त्र शिकवलंत ना? मग सांगा, ठेव मोडू का?"

मला पटकन 'हो' म्हणवेना. संख्याशास्त्राची रीत संशयापासून सुरू होते. आधी धरून चालायचे, की क्लासचा काहीच परिणाम होत नाही. हे शून्य गृहीतक. मग विचारायचे, तरीही दहातले आठ केवळ योगायोगाने वर जातील का? नाणे दहा वेळा उडवले, तर आठ किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता शंभरात सुमारे साडेपाच. फिशरसाहेबांपासून रूढ झालेली मर्यादा शंभरात पाच. म्हणजे पुरावा उंबरठ्यावरच अडखळला.

खरी मेख पुढेच आहे. नाण्याला सराव होत नाही, मुलांना होतो. पहिल्या पेपराची धास्तीही मोडलेली असते. शिवाय उजळणीला जातात ती बहुधा घसरलेली मुले. ज्याचा तो दिवसच वाईट होता, तो पुढच्या खेपेस आपसूक आपल्या पातळीवर येतो. सरासरीकडे परतण्याची ही ओढ फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईबाप आणि मुले यांच्या उंचीत दाखवली होती. सर्दी आठवड्याने बरी होतेच; यश मिळते सहाव्या दिवशीच्या काढ्याला!

खरा पडताळा एकच. सारख्या गुणांची मुले घ्या, चिठ्ठ्या टाकून निम्मी क्लासला पाठवा, निम्मी घरी ठेवा आणि दोघांच्या वाढीतला फरक पाहा. मी क्लासमध्ये फोन करून विचारले, "न आलेल्या मुलांचं काय झालं?" उत्तर आले, "त्यांची नोंद आम्ही कशाला ठेवू?"

"म्हणजे क्लास खोटा?" वहिनींनी विचारले.

"तसंही सिद्ध होत नाही. पुरावा अपुरा, एवढंच."

पण अपुऱ्या पुराव्यावर घरची ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांनी यशवंतांचे फोटो मोजण्याआधी हा एक प्रश्न जरूर विचारावा.

पुतण्या सध्या माझ्यासमोर बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवतो. एप्रिलमध्ये त्याचे गुण वाढले, तर श्रेय मी घ्यायचे नाही, एवढे मात्र ठरवले आहे.