साक्षरता कोणाची?

सात वर्षांवरील ज्या व्यक्तीस कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येते, ती साक्षर, अशी जनगणनेची व्याख्या आहे. २०११ साली महाराष्ट्रात हे प्रमाण ८२.३ टक्के होते. तरीही बँकेत पैसे काढण्याची स्लिप शेजारच्याकडून भरून घेणारी माणसे आपण पाहतोच. २०२२ पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने अक्षरओळखीला आर्थिक व डिजिटल कौशल्यांची जोड दिली, हे योग्यच झाले. परंतु उणीव केवळ शिकणाऱ्याचीच आहे काय? ‘विहित नमुना’, ‘उपरोक्त’, ‘अधोस्वाक्षरीकार’ यांपुढे पदवीधरही अडखळतो. नवसाक्षराला अर्ज वाचायला शिकवावे, तसाच अर्जही वाचण्याजोगा करावा. हे दुसरे काम भाषेच्या अध्यापकांचे आहे; आपण मात्र ते कधी आपले मानलेच नाही.